आधी उघडून बघू

गुरुवारची फजर नुकतीच झाली होती. अम्मी मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसली होती. मी चावी फिरवली. ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि गाडी गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. सोमवारी आणि गुरुवारी अम्मीला डायलिसिससाठी कौशाहून ठाण्याला न्यावं लागतं. सकाळची पहिली पाळी चुकली की मशीन रिकामं होईपर्यंत बाकावर बसून राहायचं, आणि डायलिसिसचे चार तास त्यानंतर सुरू होणार.

मी डिकीतून लांब पाना काढला, बॉनेट उघडलं आणि सेल्फच्या मोटरवर दोन-तीन ठोके मारले. ही अब्बांची युक्ती. त्यांनी बावीस वर्षं काळी-पिवळी चालवली. 1993 साली आम्ही कुर्ला सोडून मुंब्र्याला आलो तेव्हा मोजक्या सामानात हा पाना होता. दोन महिने हे ठोके लागू पडत होते. त्या दिवशी पडले नाहीत. शेवटी रिक्षा केली. वाटेत अम्मी म्हणाली, “माझ्यापेक्षा गाडीचं बरं. तिला सुटे भाग तरी मिळतात.”

संध्याकाळी घराजवळच्या गॅरेजवाल्याने एकदा चावी फिरवून बघितली आणि निकाल दिला. “सेल्फ गेला. नवा टाका, सहा हजार दोनशे. नाहीतर जुना देऊन बनवलेला घ्या, अठ्ठावीसशे.” बायको म्हणाली, नवाच घ्या, अम्मीचा प्रश्न आहे. माझ्या डोक्यात औषधांचं बिल होतं. शाळेतले एक सहकारी म्हणाले, कल्याणला एक चाचा आहेत, कार्बन-बुश बदलून बाराशे रुपयांत सेल्फ नीट करून देतात. माझं मन लगेच बाराशेकडे झुकलं. सोमवारच्या आत ठरवायचं होतं.

ही मोटर करते तरी काय? इंजिन स्वतःहून फिरायला लागत नाही, पहिली फिरकी कुणीतरी द्यावी लागते. पूर्वी ती हाताने, हँडल मारून देत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनियरने विजेवर चालणारा स्टार्टर बनवला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीत तो आला. आपण त्यालाच सेल्फ म्हणतो. चावी फिरवली की सोलेनॉइड एक लहान दातेरी चाक पुढे ढकलतो, ते फ्लायव्हीलच्या मोठ्या दातेरी कड्यात अडकतं आणि मोटर इंजिनाला फिरवते. काम दोन-तीन सेकंदांचं, पण तेवढ्यात बॅटरीतून शंभर अँपिअरहून जास्त करंट खेचला जातो. म्हणून तारेत, जोडात किंवा मोटरीत जराशी खोट असली तरी ती इथे उघडी पडते.

शनिवारी सकाळी शेजारच्या पोरांनी धक्का दिला आणि मी शीळफाट्यावरून कल्याणला शाळेत गेलो. शाळा सुटल्यावर दुसरा धक्का माझ्या नववीच्या वर्गाने दिला. मराठीच्या तासाला जांभया देणारी मुलं त्या कामाला किती उत्साहाने धावली, ते बघून वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

चाचांचं दुकान म्हणजे एक शटर, आत एक बाकडं आणि भिंतीला टांगलेली आर्मेचरं. मी आल्या-आल्या विचारलं, “चाचा, बनवायचा की बदलायचा?”

“आधी उघडून बघू. बघितल्याशिवाय मी भाव सांगत नाही, सर.”

पण त्यांनी लगेच उघडला नाही. आधी मीटर लावून बॅटरी तपासली, मग चावी फिरवायला लावून पुन्हा तपासली. बॅटरीचे टर्मिनल घासले, अर्थची तार इंजिनाला जिथे बसते तो बोल्ट काढून साफ केला. “कित्येक लोक चांगला सेल्फ फेकतात,” ते म्हणाले. “दोष असतो या दहा रुपयांच्या गंजात.” आमच्या बाबतीत तसं नव्हतं. बॅटरी ठीक, तारा ठीक. मग त्यांनी सेल्फ खाली उतरवला आणि जुन्या वर्तमानपत्रावर एकेक भाग मांडला.

कार्बन झिजून नखाएवढे उरले होते. चाचा म्हणाले, हे झिजण्यासाठीच असतात. तांब्याचा कम्युटेटर वाचावा म्हणून कार्बन स्वतः झिजतो. बुश सैल झाले होते, तेही बदलता येतात. कम्युटेटर काळा पडला होता, पण घासून साफ होण्यासारखा. आर्मेचर त्यांनी ग्राउलरवर ठेवलं, वरून हॅक्सॉचं पातं फिरवलं. पातं कुठेच थरथरलं नाही, म्हणजे आतली गुंडाळी शाबूत. पुढच्या चाकाचे दातेही धड. मी मनातल्या मनात बाराशे रुपये मोजून ठेवले.

मग चाचांनी मोटरीचं बाहेरचं नळकांडं उचललं, उजेडात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. “यावर कुणी ठोकलंय का?”

मी अब्बांच्या युक्तीचं सांगितलं. ते हसले नाहीत. “तुमच्या अब्बांच्या गाडीत फील्ड कॉइल असायची, तांब्याची. ठोका दिला की अडकलेला कार्बन जागेवर बसायचा. या छोट्या गाडीत कॉइलच्या जागी चुंबक चिकटवलेले आहेत. ते चिनीमातीसारखे, ठोकले की तडकतात.” चारपैकी एका चुंबकाचा तुकडा निघाला होता आणि आर्मेचरवर त्याची घासल्याची ताजी खूण होती. दोष कार्बनचा होता. तो बाराशेत सुटला असता. चुंबक मी फोडला होता.

“दुसऱ्या मेलेल्या सेल्फची बॉडी घालून मी हा चालू करून देईन,” चाचा म्हणाले. “कुणाची दुकानाची गाडी असती तर तेच केलं असतं. बंद पडली तर तो धक्का मारेल. तुम्ही पहाटे अम्मीला घेऊन जाता. जुन्या बॉडीची हमी मी देणार नाही. नवा घ्या.”

सेल्फ बनवण्यावर ज्यांचं पोट, ते मला नवा घ्या म्हणत होते. त्यांनी जुन्यावरचा नंबर कागदावर लिहून दिला आणि बजावलं: नंबर जुळवा, पुढच्या चाकाचे दाते मोजा, पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड घ्या. मी सहा हजारांचा सेल्फ आणला, त्यांनी बसवला. मजुरीतून जुन्याचे तीनशे वजा केले, कारण आतलं आर्मेचर चांगलं होतं. ते कुणाच्या तरी गाडीत जाईल.

परतताना मी दोन शब्दांचा विचार करत होतो. उर्दूच्या तासाला मी ‘मरम्मत’ शिकवतो, तो अरबीतून आला. मराठीच्या तासाला ‘दुरुस्ती’, ती फारसी ‘दुरुस्त’वरून, म्हणजे बरोबर, नीट. पेपर तपासताना अख्ख्या उत्तरावर लाल काट मारणं सोपं असतं. कुठला शब्द चुकला ते सांगायला उत्तर वाचावं लागतं. पहिल्या गॅरेजवाल्याने न वाचताच काट मारली होती. मीही न वाचताच, बारा शिल्लक दिसताहेत म्हणून पास करून टाकलं होतं. निकाल शेवटी गॅरेजवाल्याचाच खरा ठरला, पण तो कशामुळे, ते उघडल्यावर कळलं. आणि पुढच्या वेळी मी काय करायचं नाही, तेही.

तुमच्याही गाडीत ‘टक्’ ऐकू आलं तर बॅटरी आणि तारा आधी तपासून घ्या. सेल्फ तुमच्यासमोर उघडायला सांगा. झिजण्यासाठीच असलेला भाग झिजला असेल तर बिनधास्त बनवून घ्या. न झिजणारा भाग फुटला असेल तर थांबा आणि विचारा, हा पुन्हा बंद पडला तर त्या वेळी मागच्या सीटवर कोण असेल?

सोमवारी चावी फिरवली, गाडी एका झटक्यात सुरू झाली. अम्मीच्या ते लक्षातही आलं नाही, ती तस्बीह ओढत होती. अब्बांचा पाना अजून डिकीत आहे. स्टेपनीचे नट त्यानेच खोलतो.