तंबूतली शेगडी

कॅल्गरीतल्या सहाव्या हिवाळ्यात आम्ही कॅनव्हासचा तंबू घेतला. १२ फूट बाय १४ फूट, सरळ भिंतींचा, आत ताठ उभं राहता येईल असा. आम्ही मूळचे लष्करचे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचंच पुढे ग्वाल्हेरचं लष्कर झालं. "तंबू आपल्या रक्तातच आहे," असं बाबा फोनवर म्हणाले ते त्यामुळेच. आई-बाबा जानेवारीत येणार आहेत. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, उणे १५ च्या आसपास, दोन रात्री मुक्काम करायचा बेत आहे. बरोबर आमची पाच वर्षांची मुलगी. त्यामुळे तंबूपेक्षा जास्त दिवस गेले ते आतली शेगडी निवडण्यात.

काश्मीरची बुखारी पाहिली असेल तर तीच कल्पना. लोखंडाची बंद पेटी, पुढे दार, वर धुराडं. १८९७-९८ मध्ये सोन्याच्या शोधात क्लोंडाइककडे निघालेल्यांच्या सामानातही अशी पत्र्याची शेगडी असे.

दुकानात आधी दाखवतात तो उष्णतेचा आकडा. मला तो फारसा कामाचा वाटला नाही. कोणतीही शेगडी तंबू तापवते, पण कॅनव्हास ऊब धरून ठेवत नाही. विस्तव विझला की थोड्याच वेळात आत-बाहेर सारखंच. म्हणून विचारायचं ते एवढंच: एकदा लाकूड घातलं की विस्तव किती वेळ टिकतो?

टायटॅनियमची शेगडी तीन-चार किलोची, चटकन लाल होते. पण पेटी एवढीशी की रात्रभर तिची सेवा करत बसायचं. पाठीवर सामान घेऊन चालणाऱ्यांना तीच योग्य. आम्ही गाडीने जाणार, म्हणून जाड लोखंडी पत्र्याची, तीस किलोच्या घरातली बघितली. तापायला वेळ लावते, पण निखारे धरून ठेवते. "गाडीतून तंबूपर्यंत कोण नेणार?" बायकोचा प्रश्न रास्त होता. दोघांनी, असं ठरलं. पेटीही मोठीच हवी होती, कारण इथे बाभळीसारखं जड लाकूड नाही. पाइन आणि ॲस्पेन भराभर जळून जातात.

मग हवा कोंडून विस्तव मंद ठेवावा, असं वाटतं. आजीचा तांब्याचा बंब आठवतो ना? खालून वारा मिळाला की भडकायचा, अडवला की नुसता धुमसायचा. तंबूत हे धुमसणंच घातक. धुराड्यात डांबरासारखी काजळी चिकटते, ती कधीतरी पेट घेते. शिवाय कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. म्हणून लाकूड खडखडीत वाळलेलं, विस्तव मध्यम पण जिवंत, आणि गजर वाजवणारी दोन यंत्रं: एक आमच्या उशाशी, एक आई-बाबांच्या. तंबूच्या दोन्ही टोकांच्या झडपा थोड्या उघड्या. आईला हे काही पटेना. "उबेसाठी शेगडी लावायची आणि वर खिडकी उघडी ठेवायची?" हो आई, तसंच.

बाकीच्या गोष्टी दिसायला किरकोळ. धुराडं जिथून बाहेर जातं तिथे न जळणारं कापड शिवलेलं हवं. त्याचं टोक तंबूच्या माथ्याच्या वर आणि त्याला ठिणग्या अडवणारी जाळी, नाहीतर छपराला भोकं पडतात. इथे चिनूक नावाचा जोरदार वारा सुटतो, म्हणून धुराडं तारांनी ताणून बांधायचं. बर्फावर शेगडीचे पाय रुतू नयेत म्हणून खाली ओली ओंडकी. मुलीसाठी भोवती उंच जाळी. ही मात्र मला शेगडीइतकीच महत्त्वाची वाटते.

शेगडी आली, आणि आम्ही ती पहिल्यांदा अंगणात उघड्यावर पेटवली. नव्या रंगाचा उग्र धूर तिथेच जाऊ दिला.

आता पाळ्या लागल्या आहेत. रात्री अकराला मी, दोनला बायको. पहाटे चारला बाबा, कारण ते तसेही चारला उठतात आणि ग्वाल्हेरला इतकी वर्षं बंब त्यांनीच पेटवला. आईने पाळी घेतली नाही. सकाळचा चहा त्याच शेगडीवर व्हायला हवा, आणि आलं विसरायचं नाही, एवढंच तिने कळवलं आहे.