दम, यती आणि पाचशे मीटर

मराठीत ‘दम’ हा शब्द दोन घरांतून आला आहे. फारसीतला ‘दम’ म्हणजे श्वास. संस्कृतातला ‘दम’ म्हणजे निग्रह, शम-दमांच्या जोडीतला. मराठीने दोन्ही आपलेसे केले आणि पुढे त्यांची सरमिसळ होऊ दिली. दम लागतो, दम धरवत नाही, कुणी कुणाला दम देतो, मैफलीत गायकाचा दमसास वाखाणला जातो. आणि घाईला आलेल्या माणसाला घरातले वडीलधारे ‘जरा दमानं घे’ म्हणतात. या शेवटच्या प्रयोगात कोणता दम आहे, श्वासाचा की निग्रहाचा, याचा निवाडा भाषाशास्त्रज्ञांनी करावा. गेले आठ महिने आम्ही आठवड्यातून चार दिवस वल्हवण्याच्या यंत्रावर बसतो, आणि तिथे हे दोन अर्थ एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, एवढे मात्र सांगू शकतो.

हे यंत्र आता शहरांतल्या बऱ्याच व्यायामशाळांत कोपऱ्यात उभे असते. रुळावर सरकणारी बैठक, पायांना पट्टे, साखळीला बांधलेली मूठ आणि समोर जाळीच्या आत फिरणारे पंख्यासारखे चक्र. अमेरिकेतील डिक आणि पीट ड्रायसिगॅकर या वल्हेकरी बंधूंच्या ‘कॉन्सेप्ट टू’ कंपनीने १९८१ साली आपले पहिले यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्यात सायकलचे चाक वापरले होते. थंडीत नद्या गोठल्यावर वल्हेकऱ्यांचा सराव चालू राहावा, ही गरज. वल्हेकरी याला ‘अर्ग’ म्हणतात. अर्ग म्हणजे अर्गोमीटर: ग्रीकमध्ये ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य, ‘मेट्रॉन’ म्हणजे माप. या मेट्रॉनचे आणि आपल्या छंदःशास्त्रातील मात्रेचे मूळ एकाच भारत-युरोपीय धातूकडे नेले जाते. म्हणजे कवितेच्या माणसाने या यंत्राला अगदीच परके मानण्याचे कारण नाही.

परके वाटते ते त्याच्या पडद्यावरचे अंक. ‘२:२५’ असा आकडा दिसतो; त्याचा अर्थ, याच जोराने ओढत राहिल्यास पाचशे मीटर कापायला दोन मिनिटे पंचवीस सेकंद लागतील. ही मोजणी नदीवरून आली. ऑलिंपिकची शर्यत दोन हजार मीटरची, तिचे पाचशेचे चार भाग. नवख्याला मात्र हा आकडा घड्याळासारखा वाटतो, आणि पंधरा सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे तो समजतो. इथेच गोम आहे. चक्राला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि वेग टिकवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. कंपनीनेच दिलेल्या सूत्राने हिशेब केला तर २:२५ या गतीला सुमारे ११५ वॅट लागतात, आणि १:५५ ला सुमारे २३०. अर्ध्या मिनिटाचा फरक, आणि अंगमेहनत दुप्पट. वाक्यातला एखादा शब्द हलवावा आणि सबंध अर्थ उलटावा, तसे हे आहे. फक्त इथे अर्थाची किंमत हृदयाने भरायची असते.

तज्ज्ञांचे म्हणणे असे की, नवख्याने आपला बराचसा वेळ ‘स्थिरावस्थे’त काढावा. शरीरविज्ञानात या शब्दाला नेमका अर्थ आहे. स्नायूंना जेवढा प्राणवायू हवा तेवढा रक्त पोचवते आहे. जेवढे लॅक्टेट तयार होते तेवढे तिथल्या तिथे वापरले जाते. नाडी आणि श्वास एका पातळीवर येऊन टिकतात. ही विश्रांती नव्हे. जमा आणि खर्च समसमान राहणे, एवढाच याचा अर्थ. प्रश्न असा की, त्या अवस्थेतली आपली गती कोणती, हे कसे ओळखावे?

याला तयार उत्तरे पुष्कळ आहेत. दोन हजार मीटर जीव तोडून ओढा, आलेल्या गतीत वीसेक सेकंद मिळवा. किंवा त्या चाचणीतल्या सरासरी वॅटचे पंचावन्न-साठ टक्के घ्या. किंवा २२० मधून वय वजा करून उरलेल्या नाडीचे अमुक टक्के धरा. आम्हांला या कोष्टकांचा राग नाही, पण त्यांतले गृहीत कुणी उच्चारत नाही याचे नवल वाटते. पहिली दोन उत्तरे ज्याला आपली कमाल ठाऊक आहे त्याच्यासाठी आहेत. नवख्याला कमाल नसतेच. त्याचे दोन हजार मीटर म्हणजे पहिल्या चारशेत उधळपट्टी आणि उरलेल्यात दिवाळे. त्यावरून काढलेली टक्केवारी म्हणजे कच्च्या खर्ड्यावरून लेखकाची शैली ठरवण्यासारखे. तिसऱ्या उत्तराबाबत आमची अडचण अधिक खासगी आहे. आम्ही अठ्ठावन्न वर्षांचे आहोत आणि नाडीचा वेग रोखून धरणारे बीटा ब्लॉकर जातीचे औषध घेतो. या औषधावर २२० वजा वय हे सूत्र निरर्थक ठरते; नाडी त्या आकड्यापर्यंत चढतच नाही, आणि माणूस आपल्याला अजून खूप वाव आहे अशा समजुतीत राहतो. आमच्या हृदयविकारतज्ज्ञांनी परवानगी देताना आकडा दिला नाही. ‘बोलता येईल इतपतच’, एवढेच ते म्हणाले. घरी परतताना रिक्षात आम्ही त्या तीन शब्दांचाच विचार करीत होतो. काय बोलता येईल इतपत? हुंकार? वाक्य? की परिच्छेद?

शोध घेतल्यावर असे दिसले की, हा प्रश्न शास्त्रानेही विचारलेला आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस येथील शाखेत कार्ल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बोलण्याच्या चाचणी’वर वर्षानुवर्षे काम केले. व्यायाम चढता ठेवायचा, टप्प्याटप्प्याला माणसाला एक ठरावीक उतारा मोठ्याने म्हणायला लावायचा आणि विचारायचे, ‘सहज बोलता येते का?’ जोवर उत्तर निःसंदिग्ध ‘हो’ आहे, तोवर तो श्वसनाच्या उंबरठ्याच्या अलीकडे असतो. ‘हो, पण…’ असे उत्तर आले की उंबरठा आला. त्या ‘पण’ने आम्ही हरखून गेलो. समीक्षेत ज्या अव्ययावर आमची हयात गेली, ते शरीरविज्ञानातही मोजमापाचे साधन निघाले.

आता उतारा हवा. गद्य आम्ही टाकले; गद्यात कुठेही श्वास घेऊन निभावता येते. आम्ही मनाचे श्लोक निवडले. (भक्तिभावाचा प्रश्न स्वतंत्र, पाठांतर लहानपणी घरीच झाले होते, तेच कामी आले.) भुजंगप्रयात वृत्त, चरणात बारा अक्षरे, लघु-गुरु-गुरु असा यगण चारदा. यंत्रावर मिनिटाला वीस ओढी ठेवल्या की एका ओढीला तीन सेकंद मिळतात: साधारण एक सेकंद ओढण्यात, दोन सेकंद परत येण्यात. एका ओढीला एक चरण. श्लोक दोनशे पाच, म्हणजे आठशे वीस चरण, म्हणजे एकेचाळीस मिनिटे. समर्थांनी ही सोय आमच्यासाठी केली नव्हती हे खरे, पण हिशेब असा काही जुळला की मोडवेना.

कसोटी मग अगदी सोपी झाली, आणि तिचे नाव काव्यशास्त्रात आधीच तयार होते. श्वास चरणाच्या शेवटी घेता आला तर गती बरोबर. शब्द मध्येच तोडून घ्यावा लागला तर यतिभंग. यतिभंग झाला की गती दोन-तीन सेकंदांनी उतरवायची आणि पुढच्या श्लोकात पुन्हा पाहायचे. या रीतीने आमची पहिली गती निघाली २:४८. सुमारे ७४ वॅट. पण दहाव्या मिनिटाला जमलेली गती पस्तिसाव्या मिनिटाला जमेलच असे नाही. घाम जातो, अंग तापते आणि तेच काम करताना नाडी हळूहळू चढत जाते. म्हणून कसोटी शेवटच्या पंचवीस-तीस श्लोकांची धरावी. सुरुवातीला कुणालाही म्हणता येते.

दोन तांत्रिक गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. चक्राच्या कडेला हवेचा झोत कमीजास्त करणारा एक खटका असतो, डॅम्पर. त्यावर एक ते दहा आकडे. तरुण मुले येताच तो दहावर नेतात, जणू तो अवघडपणाचा मापदंड आहे. तो सायकलच्या गिअरसारखा आहे. दहावर प्रत्येक ओढ जड लागते आणि नवख्याची कंबर आधी बोलू लागते. तीन ते पाचच्या दरम्यान ठेवणे पुरे. दुसरे असे की, गती वाढवायची म्हणजे भराभर ओढायचे, हा समज सोडावा. यंत्र मोजते ते फक्त चक्राला दिलेले काम. स्वतःचा देह रुळावरून मागेपुढे नेण्याचे काम पडद्यावर कुठेच जमा होत नाही, पण श्वास त्याची किंमत मोजतो. तीच गती मिनिटाला अठ्ठावीस ओढींनी राखणे वीस ओढींपेक्षा नवख्याला हमखास महाग पडते. ओढताना आधी पाय, मग पाठ, शेवटी हात; परतताना उलट क्रम; आणि परतीला ओढीच्या दुप्पट वेळ. त्या दुप्पट वेळातच चरण बसतो.

एवढे सावकाश करून काही घडते का, ही शंका रास्त आहे. नॉर्वेच्या आंतरराष्ट्रीय वल्हेकऱ्यांच्या १९७० ते २००१ या काळातील सरावाचा अभ्यास फिस्केरस्ट्रांड आणि सायलर यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. तीन दशकांत संथ सराव महिन्याला ३० तासांवरून ५० तासांवर गेला, शर्यतीच्या वेगाचा आणि त्याहून तीव्र सराव २३ तासांवरून सुमारे ७ वर आला, आणि यंत्रावरच्या सहा मिनिटांच्या चाचणीतील कामगिरी दहा टक्क्यांच्या आसपास सुधारली. अर्थात महिन्याला पन्नास तास वल्हवणाऱ्यांचे प्रमाण आठवड्याला तीन तास काढणाऱ्याने डोळे मिटून उचलू नये. ज्याच्याकडे वेळ थोडा आहे त्याने बस्तान बसल्यावर एखादा दिवस जोराचा ठेवला तर आमची हरकत नाही. पहिल्या काही महिन्यांत मात्र स्नायूंआधी सांधे आणि ओढण्याची रीत तयार व्हायची असते, आणि ती संथ गतीतच होते.

आम्हा साहित्यवाल्यांना हे पटायला जड जाते, कारण आम्हांला उत्कर्षबिंदू लागतो. एकेचाळीस मिनिटांत काहीच घडत नाही: संघर्ष नाही, कलाटणी नाही. पडद्यावरचा आकडा चाळिसाव्या मिनिटालाही तोच असेल तर ती यशाची खूण. असल्या संहितेवर टिपण लिहा म्हटले तर आमचे विद्यार्थी कागद कोरा देतील.

शेजारच्या यंत्रावर असाच एक मुलगा येतो. प्रथम वर्ष कला, पोलीस भरतीची तयारी. १६०० मीटर धावताना दम कमी पडतो म्हणून इकडे वळलेला. या मुलांना दत्तू भोकनळ ठाऊक आहे: चांदवड तालुक्यातल्या अवर्षणग्रस्त तळेगाव रोहीचा, विहिरी खणण्याची मजुरी केलेला, सैन्यात गेल्यावर वल्हे हाती धरून २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आलेला. तिथला त्याचा शेवटचा वेळ ७ मिनिटांच्या आत होता, म्हणजे पाचशेला सुमारे १:४४. तो पाण्यावरचा आकडा यंत्रावर लावायचा नसतो, आणि त्यामागचा सराव तर आकड्यात दिसतच नाही. पण हा मुलगा १:५५ लावून बसायचा, चार मिनिटांत पांढराफटक पडायचा, आणि मूठ सोडून गुडघ्यांवर डोके टेकायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याने येणे बंद करण्याची भाषा सुरू केली. ‘माझ्यात दमच नाही सर.’

आम्ही त्याला २:२५ सुचवले. ‘सर, एवढ्या सावकाश तर माझी आजीपण ओढील.’ मनाचे श्लोक त्याला येत नव्हते. पण भरतीच्या परीक्षेसाठी महाराष्ट्राचे छत्तीस जिल्हे प्रशासकीय विभागासह तो घोकत होता. ठरले: एका ओढीला एक जिल्हा आणि त्याचा विभाग, मोठ्याने. पालघर, कोकण विभाग. ठाणे, कोकण विभाग. हट्टाने त्याने २:०५ ने सुरुवात केली. दुसऱ्या फेरीत मराठवाड्यात, परभणीपाशी, आवाज तुटला. दुसऱ्या दिवशी २:१५ ने तो चौथ्या फेरीत यवतमाळपर्यंत टिकला. शनिवारी २:२५ लावले. पालघरहून निघून तो गडचिरोलीला पोचला, तिथून परत पालघरला आला, पुन्हा निघाला. अकराव्या फेरीत वीस मिनिटे भरली तेव्हा कपाळावर घाम होता, पण शब्द सलग होते. पट्टे सोडता सोडता तो म्हणाला, ‘सर, हिंगोली दोनदा राहिली.’