मागच्या रांगेतला प्रश्न

परिषदेला जायचे म्हटले की माझ्या अंगात एक निराळाच माणूस संचारतो. एरवी प्रयोगशाळेत कांद्याच्या टरफलांत बसणारा मी, इस्त्रीचा सदरा चढवताच विद्वान दिसू लागतो. गेल्या वर्षी राजगुरुनगरला कांद्यावरच्या एका परिषदेला आम्ही पुण्याहून निघालो, तेव्हाही तेच झाले. बरोबर चार संशोधक विद्यार्थी आणि नळकांड्यात गुंडाळलेला आमचा तक्ता.

वाटेत पिंपरी आली. 1954 साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना माणसांसाठी पेनिसिलिन करायला निघाला. पण तिथल्याच संशोधकांनी ऑरिओफंजिन शोधले आणि ते पिकांवरच्या बुरशीच्या कामी आले. हे मी मोठ्या रंगात सांगत होतो. मुले मोबाइल पाहत होती.

भोसरी, मोशी मागे पडली आणि चाकणच्या अलीकडे गाडी थबकली. पुढे नव्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर, आणि त्यांच्या मध्ये कांद्याच्या गोण्यांचा एक केविलवाणा टेम्पो. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी इथला किल्ला शाएस्तेखानाविरुद्ध पन्नासावर दिवस लढवला. आम्ही तासाभरातच हात टेकले.

चाकणला मामा गाडीत चढले. त्यांना मी बोलावले नव्हते. "कांद्याची सभा हाय म्हणतोस, मग मला का नको?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. शिवाय त्यांच्यासमोर माझी मान जरा खालीच असे. त्याच्या आदल्या मे महिन्यात मामा कांदा बाजारात न्यायला निघाले होते आणि मीच त्यांना अडवले होते. "मामा, थांबा. चाळीत ठेवा, दिवाळीच्या आसपास भाव येईल." भाव आला, पण तोवर अर्धी चाळ सडून वास मारत होती. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

राजगुरुनगर म्हणजे जुने खेड. नाशिकला 1994 साली सुरू झालेले कांदा-लसूण संशोधन केंद्र 1998 साली इथे आले. गावाला भीमा नदी, आणि इथल्या वाणांनाही भीमाच: भीमा शक्ती, भीमा किरण. दोन्ही साठवणीला चांगले.

माझी पाळी आली. मी घट, सड आणि कोंब या तिन्ही शत्रूंचा समाचार घेतला. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असावा, रुंदी 4 फूट, थर 5 फुटांच्या आत. कांदा पातीसकट शेतात वाळवावा, मग सावलीत सुकवावा, मान थोडी राखून कापावी. टाळ्याही झाल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेत एक पांढरी टोपी उभी राहिली.

"सायेब, तुमच्या चाळीतला कांदा काढताना भिजला व्हता का?"

सख्ख्या भाच्याला सायेब! मुलांनी माझ्याकडे पाहिले. माझ्यापाशी उत्तर पुष्कळ होती. 'हा प्रश्न आमच्या प्रयोगाच्या कक्षेबाहेरचा आहे' हे त्यांतले सर्वांत सोज्वळ. मामांचा कांदा वळवाच्या पावसात भिजला होता, हे मला ठाऊक होते. सल्ला देताना मी ते विचारातच घेतले नव्हते.

"नाही," मी म्हणालो. "आमचा कांदा कोरडा होता. भिजलेल्यावर आम्ही प्रयोगच केला नाही. आणि न करता मी एकाला सल्ला दिला, त्याचे नुकसान झाले."

सभागृह क्षणभर गप्प झाले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि पुढच्या वक्त्याला बोलावले.

परतताना मामा खिडकीपाशी बसले होते. चाकण जवळ आले तशी त्यांनी मुलांकडे मान वळवली.

"येत्या एप्रिलात या रं समदी. एका खणात भिजलेला ठेवू, दुसऱ्यात कोरडा. वजनं तुमी घ्या."

माझ्या विद्यार्थिनीने वही काढली. मी काहीतरी म्हणणार, तोच मामा उतरता उतरता वळले.

"आन् खणाचं भाडं घेईन बरं का, भाचेराव."