समोरच्या टोकावरचा गडी

चि. बाळ,

परवाच्या सामन्याचं ताईनं फोनवर सांगितलं. कॉलेजातला शेवटचा सामना, तू नाबाद, आणि समोर पाठोपाठ दोघं बाद. दोन दिवस तू धड जेवला नाहीस म्हणे. म्हणून हे पत्र.

असंच एकदा पूर्वीही घडलं होतं. जून 1870. लॉर्ड्‌सवर केंब्रिज आणि ऑक्सफर्ड. दोन्हीकडे हौशी विद्यार्थी. केंब्रिजच्या दुसऱ्या डावात यार्डलीनं बरोबर 100 केल्या. या दोन विद्यापीठांच्या सामन्यातलं ते पहिलं शतक. ऑक्सफर्डला जिंकायला 179 हव्या होत्या. 7 बाद 175 झाल्या आणि चेंडू केंब्रिजच्या फ्रँक कॉबडेनच्या हाती आला. वीस वर्षांचा जलदगती गोलंदाज. तेव्हा षटक चार चेंडूंचं असे.

पहिल्या चेंडूवर ऑक्सफर्डच्या हिलनं एक धाव काढली. आता तीन हव्यात, तीन गडी हाताशी. दुसऱ्या चेंडूवर बटलर झेलबाद. तिसऱ्यावर बेल्चरचा त्रिफळा. चौथ्यावर स्ट्यूअर्टचा. ऑक्सफर्ड सर्वबाद 176. केंब्रिज दोन धावांनी जिंकलं!

लोक अजूनही याला ‘कॉबडेनचा सामना’ म्हणतात. केंब्रिजकडून तो खेळला फक्त 1872 पर्यंत. पुढे 1932 पर्यंत जगला, पण क्रिकेटमध्ये त्याचं नाव राहिलं ते या तीन चेंडूंमुळे. मला त्याचं कौतुक आहेच. पण त्या डावात केंब्रिजच्याच वॉर्डनं 29 धावांत सहा बळी घेतले होते. त्यानं आधी ऑक्सफर्डला खिंडीत गाठलं नसतं, तर कॉबडेनच्या हातात चेंडू येईपर्यंत सामना कधीच संपला असता. सामन्याला वॉर्डचं नाव मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

आणि हिल. त्याचाच विचार मी जास्त करतो. नाबाद 13. ती एक धाव काढून तो गोलंदाजाच्या टोकाला गेला आणि तिथून त्याला तिन्ही गडी जाताना बघावे लागले. ती धाव घेतली नसती तर, असं त्या रात्री त्याच्या मनात आलंच असेल. पण चार धावा हव्या असताना आलेली धाव कोण सोडेल? तूही सोडली नाहीस, आणि त्यात तुझं काही चुकलं नाही.

बटलरचं मात्र सांगायलाच हवं. आपल्या पहिल्याच चेंडूवर बाद झालेला तोच गडी पुढच्या वर्षी लॉर्ड्‌सवरच केंब्रिजवर तुटून पडला. एका डावात दहाच्या दहा बळी, 38 धावांत! हरलेल्या बाजूला कॉबडेनही होता.

रविवारी इकडे ये. मामीनं साबुदाण्याची खिचडी करायचं कबूल केलंय. शेवटच्या दोन चेंडूंचं मला कळलंय. त्याआधीची तुझी खेळी पहिल्या चेंडूपासून ऐकायची आहे.

तुझा,
मामा