सशांच्या माळावर

दुपारची शाळा सुटली की नातीला घेऊन मी हाझेनहाइडला जाते. बर्लिनच्या नॉयकोल्न भागातलं हे सुमारे ५० हेक्टरांचं उद्यान. नावाचा अर्थ सशांचा माळ. १६७८ साली इथल्या अधिपतीने शिकारीसाठी ससे पाळले होते, त्यावरून पडलेलं. ससा मला अजून दिसलेला नाही. दिसतात ती पोरं: वाळूत बसलेली, दोराला लोंबकळणारी, आडव्या दांडीवर उलटी टांगलेली.

त्या दांडीपाशी मी जरा जास्तच रेंगाळते. १८११ साली फ्रीडरिश लुडविग यान हा शिक्षक शाळेतली मुलं घेऊन याच माळावर आला. बुधवारी आणि शनिवारी दुपारी मुलं मोकळी असायची. त्याने उघड्यावर खांब पुरले, शिड्या लावल्या, दोर सोडले. आज जगभर व्यायामशाळांत असलेला डबल बार त्याच्याच आखाड्यातून पसरला. नेपोलियनपुढे हरलेल्या प्रशियाची पोरं काटक व्हावीत, ही त्याची धडपड. पण मला भावते ती दुसरीच गोष्ट. इथे येणाऱ्या प्रत्येकाने कोऱ्या, जाड्याभरड्या लिननचेच कपडे घालायचे आणि एकमेकांना ‘तू’च म्हणायचं. जर्मनमध्ये अहो-जाहो किती जपतात, हे इथे राहिल्यावर कळलं. त्या काळी बड्या घरच्या मुलाने कारागिराच्या मुलाला ‘तू’ म्हणणं सोपं असेल. उलट दिशेने ते केवढं अवघड!

बाबांमुळे मला ते चटकन कळलं. बाबा अमरावतीचे. लंगोट चढवून हौद्यातल्या लाल मातीत उतरलं की कोण कुणाचा, ते पुसलं जातं, असं ते सांगत. ताक, तेल, हळद घालून मुरवलेल्या त्या मातीचा वास त्यांच्या बोलण्याला यायचा. मलखांब आणि डबल बार करून त्यांच्या तळव्यांना घट्टे पडले होते. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत बसे. १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन कबड्डी खेळून आली, ही त्यांची आवडती गोष्ट. बर्लिन हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्या गोष्टीत.

त्या १९३६ सालाची दुसरी बाजू मोठेपणी कळली. यानच्या मनात फ्रेंचांविषयी, ज्यूंविषयी विखार होता आणि नाझींनी त्याला डोक्यावर घेतलं. उद्यानात त्याचा १८७२ सालचा पुतळा आहे. त्याच्यासमोरून जाताना मला हे विसरता येत नाही, आणि विसरू नयेच.

माळ मात्र पोरांकडून पुनःपुन्हा हिरावला गेला. १८१९ मध्ये एका विद्यार्थ्याने कोट्झेबू या लेखकाचा खून केला आणि राजसत्ता हादरली; तरुण जमतात असे आखाडे तिला संशयास्पद वाटू लागले. यानला अटक झाली, आखाडा बंद पडला. मग प्रशियाभर अशा व्यायामावर बंदी आली, ती १८४२ पर्यंत. मुलांनी दोरावर चढू नये, म्हणून राजाज्ञा!

मग महायुद्ध. आज नात ज्या टेकडीवरून थंडीत घसरगाडी सोडते, ती रिक्सडॉर्फर ह्योए मुळात टेकडी नव्हेच. बॉम्बनी पाडलेल्या घरांचा तो ढिगारा. कुणाचं स्वयंपाकघर, कुणाचा जिना, वर माती आणि झाडं. खाली उद्यानात दगडात कोरलेली एक बाई बसली आहे, मांडीवर हातोडा. शहराचे ढिगारे हाताने उपसणाऱ्या बायकांसाठी काटारीना झेलिन्स्की-झिंगर या शिल्पकर्तीने १९५५ मध्ये केलेलं हे शिल्प. तिच्या नजरेत दमणूक आहे आणि ती वर बघते आहे. मी तिच्याजवळ थोडी बसते. आम्हा दोघींचं वय झालंय.

उद्यानाच्या कडेला गणपतीचं देऊळ आहे. यानला हे काय वाटलं असतं, असं एकदा मनात आलं होतं. आता येत नाही. खेळाच्या जागेत तुर्की, अरबी, पोलिश, मराठी अशा हाका एकमेकींत मिसळतात आणि प्रत्येक पोराला आपली हाक बरोब्बर ऐकू येते.

परवा नात दांडीवरून उतरून माझ्याकडे आली, तळवा पुढे करून. बोटांच्या मुळाशी कातडी राठ झाली होती. मी त्यावरून बोट फिरवलं. “दुखतंय?” “नाही गं आजी.” आणि ती पुन्हा पळाली, दांडीला लटकली. मागे एक अनोळखी मुलगा आपल्या पाळीची वाट बघत उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने जर्मनमध्ये विचारलं, “तुझं झालं?”

तिने उडी टाकली आणि दांडी त्याला दिली.