यादीतली कुस्ती

1.
रत्नागिरीत मारुती मंदिर हा गजबजलेला स्टॉप. लगतच छत्रपती शिवाजी स्टेडियम. कुस्तीचा देव आहे, मैदान आहे. पैलवान मात्र आंबा घाट चढून गेल्यावर भेटतात.

2.
आमची जमीन जांभ्याची. आपटलं की कोपर सोलून निघतं. आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवायचे लाड कोल्हापूरकरांचे. कोकणात पकड बघायची तर कबड्डीत.

3.
कबड्डी आशियाई खेळांत आली 1990 साली. 2014 पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णं भारताची. 2018 ची उपांत्य फेरी: इराण 27, भारत 18. खेळ जगभर पोचावा अशी इच्छा आपलीच होती.

4.
गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. 1952 ला हेलसिंकीसाठी पैशांची जुळवाजुळव सुरू झाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग पठ्ठ्याने कुस्त्यांची मैदानं घेऊन प्राचार्यांचे पैसे फेडले. 1955 ला पोलिसात सब-इन्स्पेक्टर. 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यानंतर कित्येक वर्षांनी.

मिरवणूक गावाने काढली, कर्ज प्राचार्यांनी. सरकारला जरा उशीर झाला.

5.
हेलसिंकीत खाशाबांच्याच गटाचं सुवर्ण जपानच्या इशीला. तो मुळातला ज्युदोवाला. युद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली, म्हणून कुस्तीत शिरला.

6.
ज्युदो ऑलिम्पिकमध्ये आला 1964 ला, टोकियोतच. खुल्या गटाचं सुवर्ण नेलं हॉलंडच्या गीसिंकने.

आता ज्युदोत उभ्याने पाय धरायला मनाई. म्हणजे दुहेरी पट बाद, एकेरीही बाद. आपल्या पैलवानाने मग करायचं काय?

7.
फेब्रुवारी 2013: कुस्तीला ऑलिम्पिकमधून वगळायची शिफारस. सप्टेंबर 2013: कुस्ती परत आत. मधल्या सात महिन्यांत जागतिक संघटनेचा अध्यक्ष बदलला, दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांच्या जागी तीन मिनिटांच्या दोन आल्या, महिलांचे वजनगट वाढवायचं ठरलं. इतकी वर्षं हे कुणी अडवलं होतं?

8.
जत्रेतल्या निकाली कुस्तीला घड्याळ नाही. पाठ लागली की संपली. गुण मोजायला कुणी बसत नाही. पंच चुकला तर सगळं मैदान सांगतं.

9.
शहरातला एक ज्युदो क्लास. निळी-पिवळी गादी. आठ-नऊ वर्षांची मुलगी पट्टा तिसऱ्यांदा बांधतेय, जीभ दातांत. आई सरांना विचारते, "सर, ह्याचं सर्टिफिकेट पुढे चालतं ना?"

"ऑलिम्पिकमध्ये आहे मॅडम."

आई निश्चिंत. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. मुलीचा पट्टा पुन्हा सुटला.

10.
बीडचा राहुल आवारे. 2019 च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, 61 किलो गटात. ऑलिम्पिकमध्ये 61 किलो गटच नाही.

11.
बेळगावजवळच्या तुरमुरीची मालप्रभा जाधव. खेळ ज्युदो. 2018 ला जाकार्तात कुराश पहिल्यांदा आशियाई खेळांत आला. उझबेकिस्तानची ही कुस्ती आपल्याकडे किती जणांनी पाहिली असेल? मालप्रभा कांस्य घेऊन आली.

12.
राष्ट्रकुल, बर्मिंगहॅम 2022: भारताचे 12 पैलवान, 12 पदकं.
ग्लासगो 2026 ची यादी: कुस्ती नाही. ज्युदो आहे.