मोझरेलाची तार आणि आयोडिनचा थेंब

संपादकांचा निरोप स्पष्ट होता: मोझरेला वापरून घरी पटकन होणारे पदार्थ सांगा, आणि रसायनशास्त्र जमेल तितकं बाजूला ठेवा. पदार्थ सांगतेच. रसायनशास्त्राबद्दल मात्र शब्द देत नाही. माझं आयुष्य चीजच्या व्हॅटशेजारी आणि डेअरीच्या प्रयोगशाळेत गेलं. चांगल्या सुगरणींच्या हातून मोझरेला चिवट होतो, पाणी सोडतो, करपतो, तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्याच्या आत काय चाललंय हे त्यांना कधी कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

आधी तव्याकडे जाऊ. ज्वारीची भाकरी उरली असेल तर ती मंद आचेवर गरम करा. तिच्यावर लसूण-टोमॅटोची चटणी पसरा. चटणी आधीच आटवून दाट केलेली हवी. वर किसलेला मोझरेला, मिरपूड, आणि झाकण. किस पांढऱ्याचा किंचित पारदर्शक दिसू लागला की गॅस बंद करा आणि झाकण तसंच राहू द्या. उरलेलं काम वाफ करते. थालीपिठाला हाच नियम: दुसरी बाजू पूर्ण खरपूस झाल्यावरच चीज घालायचं. मोझरेला साठ अंशांच्या आसपास मऊ होऊन वाहू लागतो. त्यापुढे तो आचेवर जितका राहील तितकी त्यातली प्रथिनं आकसतात, पाणी बाहेर ढकलतात, फॅट वेगळी होते आणि तव्यावर चिवट पापुद्रा उरतो. ‘अजून थोडं वितळू दे’ म्हणून वाढवलेली आच हीच घरातली नेहमीची गडबड.

मोझरेलात मीठ कमी असतं, म्हणून तो आपल्याला सपक लागतो. त्यावर उपाय म्हणून चीज वाढवू नका. मीठ-मिरची सारणात वाढवा. मक्याचे दाणे, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि किस एकत्र करून ब्रेडवर टोस्ट करा. ढोबळी मिरचीत बटाट्याचं सारण भरताना मधोमध मोझरेलाचा एक तुकडा दडवा, म्हणजे तो थेट तव्याला लागत नाही. मी स्वतः तीन भाग मोझरेलात एक भाग साधं प्रोसेस्ड चीज किसून घालते. त्यातल्या इमल्सिफाइंग सॉल्टमुळे वितळलेलं मिश्रण गुळगुळीत राहतं, तेल सुटत नाही, आणि खारटपणाही येतो.

पाण्यात बुडवलेले ताजे पांढरे गोळे मिळतात, त्यांचं प्रकरण वेगळं. त्यांच्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. नेपल्समधल्या लाकडाच्या भट्टीत सव्वाचारशे अंशांच्या वर पिझ्झा दीड मिनिटाच्या आत भाजला जातो, त्यामुळे ते पाणी तिथं फारसा त्रास देत नाही. आपल्या घरच्या ओव्हनमध्ये अडीचशे अंशांवर पिझ्झा बराच वेळ राहतो आणि त्याचं तळं होतं. म्हणून घरच्या पिझ्झाला कमी पाण्याचा, ठोकळ्यातला मोझरेला घ्यावा. ताजा गोळा हातानं तोडून अर्धा तास चाळणीत निथळू द्यावा आणि पिकलेल्या टोमॅटोच्या फोडींबरोबर, थोडं मीठ आणि तेल घालून, कच्चाच खावा. त्याला आच दाखवण्याची गरजच नाही.

आता ती तार. पिझ्झाचा तुकडा उचलल्यावर लांब तार आली की चीज अस्सल, नाही आली की नकली, असं लोक गृहीत धरतात. हे चूक आहे, आणि का चूक आहे हे समजायला थोडं आत शिरावं लागेल.

दुधातलं मुख्य प्रथिन केसीन. त्याचे सूक्ष्म कण कॅल्शियम फॉस्फेटनं एकमेकांना शिवलेले असतात. दुधाचा सामू, म्हणजे पीएच, ६.६ ते ६.७ असतो. जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात तसा तो उतरतो आणि हे टाके एकेक करून उसवतात, कॅल्शियम निवळीत जातं. रेनेटनं, म्हणजे दूध साकळवणाऱ्या विकरानं, साकळलेल्या गोळ्याचा सामू ५.२ ते ५.४ च्या दरम्यान आला की टाके इतके सैल झालेले असतात की ऐंशी अंशांच्या पाण्यात मळल्यावर प्रथिनं एका दिशेला लांबच लांब सरकतात. त्याआधी मळलात तर गोळा फाटतो. वेळ चुकून सामू फार उतरला तर त्याचा लगदा होतो. सायट्रिक आम्ल घालून करायचा असेल तर ५.६ ते ५.७ लाच थांबता येतं, कारण सायट्रेट स्वतःच कॅल्शियम ओढून घेतं. व्हॅटवरचा अनुभवी माणूस मीटरवर विसंबत नाही. तो मूठभर तुकडे गरम पाण्यात बुडवतो, बोटांनी ताणून पाहतो आणि हो किंवा नाही सांगतो. मी तसे हात पाहिले आहेत. त्यांचं कौतुक आमच्या पाठ्यपुस्तकांत कुठंच नाही.

पनीर का वितळत नाही, याचं उत्तरही इथंच आहे. पनीरसाठी दूध नव्वद अंशांच्या आसपास तापवतात. त्या उष्णतेत निवळीतली प्रथिनं केसीनला चिकटतात आणि मग ती जाळी सरकत नाही. घरी मोझरेला करायला घेतलेल्या पुष्कळ जणी इथंच अडतात. आपल्या घरात दूध आलं की आधी उकळायचं, ही सवय आरोग्यासाठी चांगलीच आहे. पण उकळलेल्या दुधाला तार येत नाही. कच्चं निरसं दूध मी सुचवणार नाही, क्षयाचे आणि ब्रुसेलाचे जंतू हा खरा धोका आहे. दूध ६३ अंशांवर तीस मिनिटं धरून लगेच थंड करा. जंतू मरतात आणि तार शाबूत राहते. थर्मामीटर हवा, अंदाज चालत नाही. रेनेटऐवजी नुसतं व्हिनेगर घालून दहा मिनिटांत मोझरेला करायची युक्ती सध्या फार चालते. न उकळलेल्या दुधाचा तसा गोळा ताणला जातो खरा, पण मला तरी तो घट्ट आणि कोरडा लागतो. आलेलं दूध त्यात घालवावं असं मला वाटत नाही.

तारेकडे परत येते. रेनेट-केसीन, पाणी आणि वनस्पती तेल यांचं योग्य मिश्रण केलं तर त्यालाही उत्तम तार येते. अशा पदार्थाला आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात चीज म्हणता येत नाही, ॲनालॉग म्हणावं लागतं. उलट अस्सल मोझरेला जुना झाला की त्यातली प्रथिनं तुटत जातात, तो सूपसारखा पसरतो आणि तार येतच नाही. म्हणजे तार सांगते ती प्रथिनांची अवस्था. फॅट दुधाची की पामतेलाची, याबद्दल ती काहीच सांगत नाही. लायटरनं जाळून ‘हे बघा प्लॅस्टिक’ म्हणणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे: पाणी उडालं की कुठलंही प्रथिन काळं पडतं आणि जळका वास येतो. केससुद्धा तसेच जळतात.

या उन्हाळ्यात एक बाई माझ्याकडे आल्या. पुण्याच्या एका उपनगरात त्या घरून पिझ्झा आणि टोस्टच्या ऑर्डरी घेतात, मुलांच्या वाढदिवसांसाठी. एका गिऱ्हाइकानं त्यांच्याकडच्या किसलेल्या चीजवर आयोडिनचा थेंब टाकला. चीज निळं-काळं झालं. त्याचा व्हिडिओ सोसायटीच्या गटात फिरला आणि ऑर्डरी थांबल्या. बाई पाकीट घेऊन आल्या होत्या, सोबत खरेदीची पावतीही.

आम्ही सगळं तपासलं. ओलावा आणि कोरड्या भागातली फॅट नियमात बसत होती. मोझरेलाला ओलावा जास्तीत जास्त ६० टक्के आणि कोरड्या भागात दुधाची फॅट किमान ३५ टक्के लागते. मग फॅटमधले स्टेरॉल पाहिले. दुधाच्या फॅटमध्ये कोलेस्टेरॉल असतं, वनस्पती तेलात बीटा-सिटोस्टेरॉल. दुसऱ्याचा मागमूस नव्हता. चीज शंभर टक्के दुधाचं होतं. निळा रंग स्टार्चचा होता, आणि स्टार्च पाकिटावर लिहिलेला होता. किसलेल्या चीजचे धागे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर स्टार्च किंवा सेल्युलोजची अगदी पातळ पूड भुरभुरतात. किसलेल्या आणि कापलेल्या चीजला हे चालतं; जागतिक पातळीवरच्या कोडेक्स मानकातही त्याची मुभा आहे. त्याच उत्पादकाचा अख्खा ठोकळा आणून कापला आणि आतल्या भागावर आयोडिन टाकलं, तर रंग बदलला नाही.

आयोडिनची चाचणी खोटी नाही. खवा, पनीर यांत स्टार्चची भेसळ ओळखायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या घरगुती चाचण्यांच्या पुस्तिकेतही ती दिलेली आहे. थेंब प्रामाणिकपणे सांगतो की इथं स्टार्च आहे. तो का आहे, किती आहे आणि सांगून घातलाय की लपवून, हे थेंबाला माहीत नसतं. मी अहवाल लिहून दिला, साध्या मराठीत. बाईंनी तो त्याच गटात टाकला. व्हिडिओ ज्यांनी पाहिला होता त्यांतल्या किती जणांनी अहवाल उघडला असेल? त्यांची सगळी गिऱ्हाइकं परत आली नाहीत.

तरी त्या गिऱ्हाइकाला मी मूर्ख म्हणणार नाही. खाण्याच्या जागी ॲनालॉग वापरून मेनूवर ‘चीज’ छापणारे आहेत, हे मला ठाऊक आहे. पाकिटावरची घटकांची यादी इतक्या बारीक अक्षरात असते की चाळिशीनंतर ती भिंगाशिवाय वाचता येत नाही. आमच्या उद्योगानं स्टार्च का घालतो हे चार ओळींत, ठळक छापलं असतं तर त्या बाईंचा धंदा वाचला असता. ग्राहकाला समजणार नाही असं आम्हीच ठरवून टाकलं, आणि मग तो लायटर घेऊन बसला की त्याच्यावर चिडतो.

शाकाहारी वाचक एक प्रश्न हमखास विचारतात, तो रेनेटचा. भारतात विकल्या जाणाऱ्या चीजवर हिरवा ठिपका असेल तर रेनेट प्राण्यांपासून मिळवलेलं नसतं. इटलीतल्या ‘मोझरेला दी बुफाला काम्पाना’चं तसं नाही. कासेर्ता, सालेर्नो या भागांत म्हशीच्या दुधापासून होणाऱ्या या चीजला १९९६ साली युरोपीय संघाचं संरक्षित नाव मिळालं आणि त्याच्या नियमांत वासराच्या पोटातलं रेनेटच वापरायचं आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी या गोळ्यांपासून दूर राहावं.

म्हशीचं दूध म्हटलं की मला राहवत नाही. जगात म्हशीचं सर्वाधिक दूध आपल्या देशात होतं. पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी या जाती आपल्या आहेत. या दुधात बीटा-कॅरोटीन नसतं म्हणून चीज शुभ्र होतं. फॅट आणि कॅल्शियम गाईच्या दुधापेक्षा जास्त. गाईच्या दुधाची कृती जशीच्या तशी लावली तर ते लवकर आणि फार घट्ट साकळतं. रेनेट आणि वेळ दोन्ही बदलावे लागतात. एवढं जमवलं तर त्याच्यासारखा गोळा दुसऱ्या दुधाचा होत नाही. काम्पानियाच्या लोकांनी आपल्या म्हशीच्या नावावर अख्ख्या प्रदेशाची ओळख उभी केली. आपल्याकडे मात्र पाकिटावर ‘म्हशीचं दूध’ अभिमानानं छापलेलं क्वचितच दिसतं.

शेवटचं, फ्रीजचं. ठोकळा विकत घ्या आणि घरी किसा; स्टार्चही नाही आणि वितळतोही एकसारखा. किसायच्या वेळी तो फ्रीजमधून नुकता काढलेला, थंडगार हवा, म्हणजे किसणीला चिकटत नाही. उघडलेला ठोकळा कोरड्या बटर पेपरात गुंडाळून डब्यात ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. अख्खा ठोकळा फ्रीझरमध्ये टाकला तर आतल्या बर्फामुळे तो नंतर भुगा होतो. ठेवायचाच असेल तर किसून, एका वेळेला लागेल तेवढ्याच छोट्या पिशव्या करून ठेवा आणि बाहेर काढून वाट न पाहता गोठलेलाच किस थेट गरम पास्त्यावर किंवा ऑम्लेट दुमडण्याआधी त्यात घाला.